नवरात्रात राहिलेल्या गोळ्या

राहीबाईच्या हातचं सूत डोळे मिटून ओळखता यायचं. कवठेमहांकाळच्या पूर्वेला बोरमाळ नावाची वस्ती आहे. तिथं घोंगडी विणणारी सात-आठ घरं. मेंढरं कातरली की लोकर घरी यायची. बायका ती पिंजायच्या, चरख्यावर सूत काढायच्या, चिंचोक्याची खळ लावून ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, उन्हात वाळवायच्या, मग पुरुषमाणसं मागावर बसायची. माग म्हणजे घरातच जमिनीत खणलेला खड्डा. त्यात पाय सोडून दिवसभर विणत बसायचं. राहीबाईचा नवरा केरबा या कामात तरबेज होता, पण त्याला दुसऱ्या कुणाचं सूत चालत नसे. "बाजारचं सूत म्हंजे परक्याची पोर. हाताला लागंस्तवर रुसून बसतंय," असं तो म्हणायचा.

राहीबाई माहेरची म्हसवडकडची, साताऱ्याच्या माणदेशातली. तिकडंही हाच धंदा. सात वर्षांची असताना तिनं चरखा धरला, तो पन्नाशी ओलांडली तरी सुटला नव्हता.

सत्त्याहत्तर सालच्या शिमग्याला तिच्या डाव्या कुशीत आग आग सुरू झाली. दोन दिवसांनी पाठीपासून छातीच्या खालपर्यंत फोडांची माळ उठली. शेजारची रंगूबाई पदर बाजूला करून बघते तर काय!

"अगं बाई, नागीण हाय ही! आता तोंड आन् शेपूट मिळू देऊ नगंस."

वस्तीवरच्या हरिबा म्हाताऱ्यानं तांबडी काव उगाळून फोडांभोवती रेघ ओढली, काहीबाही पुटपुटला. तोंड आणि शेपूट मिळाली नाहीत. पंधरा दिवसांत खपल्या धरल्या, महिन्याभरात त्या पडल्या. हरिबाला नारळ गेला. सगळ्यांना वाटलं, सुटली.

पण राहीबाई सुटली नव्हती. कातडीवर डाग तेवढे उरले होते, आत मात्र कुणी तापलेला विळा फिरवत असल्यासारखं व्हायचं. कधी सुया टोचल्यागत, कधी चटका बसल्यागत. चोळीचं कापड लागलं तरी जीव कळवळायचा. वारा लागला तरी तेच. आणि घोंगडी विणणाऱ्या घरातल्या बाईनं लोकरीपासून पळायचं कुठं? चरख्यावर सूत ओढताना डावा हात मागं न्यावा लागतो. तो दंड कुशीला नुसता घासला की तिच्या हातातला पिंजलेल्या लोकरीचा पेळू गळून पडायचा.

वैशाख सरला, माग थंडच. केरबा सकाळी उठून खड्ड्याच्या काठावर बसायचा, तंबाखू मळायचा आणि उठून बाहेर जायचा. तो काही बोलत नसे, हे तिला जास्त लागायचं.

बोलला तो त्यांचा मुलगा कृष्णात. तो कुपवाडला एका लहान कारखान्यात लेथवर कामाला होता. बायको, एक पोरगी, पत्र्याच्या दोन खोल्या. सुट्टीला आला तेव्हा त्यानं सरळच सांगितलं.

"आये, किती दिवस असं? बा एकटा काय करणार? संक्रांतीपातूर बघू. न्हाई जमलं तर माग मोडू, खड्डा बुजवू आन् तुमी दोघं चला तिकडं."

"आन् तिकडं मी करू काय?"

"काय न्हाई. बसून खायचं."

पोरगं मायेनं बोलत होतं, हे राहीबाईला कळत होतं. पण बसून खायचं? उभा जन्म हात चालता ठेवला, आता सुनेच्या दारात हात मांडीवर ठेवून बसायचं? कुशीतल्या आगीपेक्षा तिला त्या रिकाम्या हातांची धास्ती वाटली.

आषाढात केरबा तिला एस.टी.नं सांगलीला घेऊन गेला. तिथं आठल्ये नावाचे डॉक्टर होते, मज्जातंतूंचे जाणकार. चष्मेवाले, सावकाश बोलणारे. त्यांनी कापसाचा बोळा तिच्या कुशीवरून हळूच फिरवला. राहीबाई ओरडलीच.

"नुसता कापूस होता हो," डॉक्टर म्हणाले.

"कापूस कशाचा? इस्तव ठेवला जणू."

डॉक्टरांनी मान हलवली. "फोड बरे झालेत राहीबाई. पण त्या रोगानं खालची शीर दुखावून ठेवलीय. कुणी हात लावला तरी तिला वाटतं चटका दिला. खोटं दुखणं नाही हे. दुखतंय ते खरंच दुखतंय."

चार महिन्यांत असं कुणी म्हटलं नव्हतं. वस्तीवर आता बायका हळूच बोलायला लागल्या होत्या, की फोड गेले तरी ही कण्हते कशी. राहीबाईनं पदरानं डोळे पुसले.

डॉक्टरांनी बरंच विचारलं. डोळ्यांचा काही आजार? छातीत धडधड? लघवीला अडखळतं का? फिट कधी आली होती? आणखी काय औषध घेता? शेवटच्या प्रश्नाला राहीबाईच्या आधी केरबाच म्हणाला, "एका वैदूची काळी पूड घेतीया. झोप लागंल म्हनला."

"ती आजपासून बंद. तिच्यात काय आहे ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. माझी गोळी आणि ती पूड एका पोटात नकोत." मग त्यांनी कागद पुढं ओढला. "या एका गोळीत दोन औषधं आहेत. खरं सांगायचं तर ही मनाच्या दुखण्यासाठी निघालेली गोळी. पण अगदी थोड्या मापात दिली तर अशा शिरांचा ठणका कमी होतो, असा अनुभव आहे."

राहीबाई ताठ झाली. "मंजी मी येडी हाय व्हय?"

"नाही हो. घर झाडायला आणलेल्या केरसुणीनं अंगणही झाडता येतं की नाही? तसं."

"मंग मला बी एक द्या," केरबा म्हणाला. "हिच्यासंगं तीस वर्सं काढली मी."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. गोळी रात्री जेवल्यावर एकच. दोन-तीन आठवडे गुण दिसणार नाही, म्हणून सोडायची नाही. गुण दिसला म्हणून वाढवायची नाही. तोंड कोरडं पडेल, पोट साफ होणार नाही, तेव्हा पाणी आणि पालेभाजी. अंथरुणातून एकदम उठायचं नाही. आधी बसायचं, दम घ्यायचा, मग उभं राहायचं. मान आखडली, तोंड वाकडं व्हायला लागलं, लघवी अडली, तर तडक इकडं. आणि दुसऱ्या कुणाला या गोळीतला तुकडाही द्यायचा नाही.

"महिन्याचीच देतो. दर महिन्याला मला तोंड दाखवायचं."

वस्तीवर आल्यावर तिसऱ्याच दिवशी रंगूबाई दारात हजर. "राहे, माझा गुडघा लय धरलाय बघ. ती सांगलीची गोळी एक दे की. मी तुला लोणचं देते, तू मला गोळी दे."

इथं शेजारणीला रिकाम्या हातानं लावून देत नाहीत. नवं पीक असो, खरवस असो, वाटीभर पलीकडं गेलंच पाहिजे. राहीबाईला नाही म्हणणं जड गेलं. पण तिनं गोळ्यांचा डबा खुंटीवर आणखी वर टांगला.

"लोणचं ठिवून जा. गोळी माझ्या नावाची हाय."

"बघा, सांगलीला जाऊन आली आन् लय शानी झाली!" रंगूबाई रुसली खरी, पण लोणचं ठेवून गेली.

पहिले पंधरा दिवस राहीबाईनं डॉक्टरांना मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं. जीभ टाळूला चिकटायची, सकाळी डोकं जड. ठणका होता तसाच. मग श्रावणातल्या एका सकाळी न्हाताना तिच्या लक्षात आलं, की पाण्याची धार कुशीवरून गेली आणि आपण ओरडलो नाही. तिनं पुन्हा तांब्या ओतला. आग होती, पण ती आता दूरच्या चुलीची वाटत होती.

भादव्यात तिनं चरखा पुसून घेतला. तासभर बसायची, मग उठायची. केरबानं मागाचे दोर घट्ट केले. तो पुन्हा खड्ड्यात पाय सोडून बसू लागला, नुसताच.

आणि घट बसले.

राहीबाईचे नवरात्राचे उपास लग्नाआधीपासूनचे. नऊ दिवस एकवेळ, तेही फळ आणि दूध. यंदा तर तिनं शिमग्यातच देवीपुढं हात जोडून म्हटलं होतं, "आई, यातनं काढ, मी नऊ दिवस तोंडात काय घालणार न्हाई, नुसत्या दुधावर राहीन." आता ती बरी होत होती. बोललेलं पुरं करायला हवं होतं. प्रश्न आला गोळीचा. गोळी पोटात जाते. शिवाय ती कशाची करतात, कुणाला ठाऊक? जेवल्यावर घे म्हणून सांगितलं, आणि जेवण तर नाहीच. तिनं कुणाला विचारलं नाही. नऊ गोळ्या मोजून डबीत घातल्या आणि डबी देव्हाऱ्यात देवांच्या टाकांशेजारी ठेवली. देवीनं सांभाळाव्यात म्हणून.

चौथ्या दिवशी मळमळ सुरू झाली. झोप उडाली, हातापायांत कसलीशी चुळबुळ. सहाव्या दिवशी कुशीतला विळा परत फिरू लागला. राहीबाईनं दात आवळले. देवी परीक्षा बघते आहे, असं तिनं धरलं. केरबानं विचारलं, "राहे, गोळी घेतीस न्हवं?" ती म्हणाली, "माझं मला कळतंय." तीस वर्षांत तिनं त्याला इतकं तोडून कधी उत्तर दिलं नव्हतं.

दसऱ्याला घट उठले. पुरणाचा नैवेद्य झाला. राहीबाई जेवायला बसली आणि तिला डबीची आठवण झाली. नऊ राहिल्या होत्या. आता ज्या बाईनं जन्मभर ताणा लावला, तिचं मन दुसरं कसं चालणार? ताण्यात धागा राहिला तर तो राहिलाच म्हणून पुढं जाता येत नाही. मोजून जितके राहिले तितके भरावे लागतात, तेव्हाच घोंगड्याचं पान पुरं होतं. तिनं तोच हिशेब लावला. आज तीन, उद्या तीन, परवा तीन, झाल्या नऊ. रात्रीपर्यंत कशाला थांबायचं म्हणून दुपारीच तीन गोळ्या पाण्याबरोबर गिळल्या.

उन्हं कलली तेव्हा वस्तीवरची माणसं सोनं द्यायला येऊ लागली. राहीबाई भिंतीला टेकून पेंगत होती. दारात नानासो दिसले, केरबाचे चुलतभाऊ, हातात आपट्याची पानं.

"राहीबाई, सोनं घ्या!"

थोरल्या दिरासमोर बसून कसं राहायचं? ती झटक्यात उठली. घर फिरलं, जमीन कलली, आणि ती मागाच्या खड्ड्याच्या काठावर कोसळली. केरबानं दंड पकडला म्हणून आत गेली नाही. कपाळ मात्र लाकडावर आपटलं. बोलायला गेली तर जीभ वळेना. दिवस मावळला तरी लघवी नाही, ओटीपोट फुगलेलं.

नानासोंची जीप होती. तिच्यातच तिला सांगलीला नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नीट शुद्ध होती. नळी घालून लघवी काढली होती, हाताला सलाईन. कृष्णात कुपवाडहून सायकल मारत आला होता आणि खाटेच्या पायथ्याशी उभा होता, डोळे लाल.

"बास झालं आये! त्या गोळ्या मी गटारात टाकतो. माग बी बास आन् चरखा बी बास."

आठल्ये डॉक्टर आत आले. त्यांनी केरबानं आणलेली डबी उघडून पाहिली. आत सहा.

"या कसल्या सहा?"

राहीबाईनं सगळं सांगितलं. उपास, डबी, ताण्याचा हिशेब. "आज तीन आन् उद्या तीन घेणार हुते, म्हंजी भरती झाली असती."

डॉक्टर स्टुलावर बसले.

"नऊच्या नऊ एकदम घेतल्या असत्या तर तुमचं हृदयही बंद पडलं असतं, बाई. मी बाकी सगळं विचारलं होतं. उपासाचं विचारलं नाही. ही माझी चूक." मग त्यांनी चष्मा पुसला. "खळ लावता ना तुम्ही सुताला? एक दिवस लावायची राहिली तर काय करता?"

"दुसऱ्या दिशी लावतो."

"दोन दिवसांची एकदम? दुप्पट दाट?"

राहीबाई एवढ्या आजारपणातही जरा चिडली. "दुप्पट कशी लावंल कुनी? सूत लाकडावानी हुतंय आन् मागावर कडाकडा तुटतंय. खळीचं माप त्या दिसाचं त्या दिसाला." बोलता बोलता ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "हां. आसं हाय व्हय ते."

"तसंच आहे. राहिली ती राहिली. भरायची नाही. आणि एकदम सोडायचीही नाही. सोडायची वेळ आली की मी सांगेन, ती अर्धी, पाव करत, महिने लावून."

कृष्णातनं मध्येच तोंड घातलं, "पण डाक्टर, ही गोळीच नको आता."

"गोळीनं नाही पाडलं त्यांना. मापानं पाडलं. पण घ्यायची की नाही, ते त्या ठरवतील."

सगळे राहीबाईकडं बघू लागले. तिला भीती वाटत होती. कपाळावरचं टेंगूळ ठणकत होतं. पण श्रावणातला तो पाण्याचा तांब्या तिला आठवला. ती धार अंगावर घेताना तिला कसं नव्यानं अंग मिळाल्यासारखं वाटलं होतं.

"घेते मी," ती म्हणाली. "पर डबी ह्यांच्याकडं ऱ्हाऊ द्या. रोज रातच्याला एक हातावर ठिवायची. मागितली तर दुसरी द्यायची न्हाई."

"बघा डाक्टर," केरबा म्हणाला, "तीस वर्सांत पयल्यांदा काय तरी माझ्या ताब्यात आलं."

पाच दिवस गोळी बंदच ठेवली. मग अर्ध्या गोळीनं पुन्हा सुरुवात झाली, महिन्यानं एक. घरी आल्यावर पहिल्या मंगळवारी राहीबाई देव्हाऱ्यापुढं बसली. टाकांवरची हळद पुसता पुसता म्हणाली, "आई, तुला माझा उपास पायजे हुता, माझा जीव न्हाई, एवढं मला कळाय पायजे हुतं. इथनं पुढं औषिद तुझं तीर्थ म्हनून घेईन." देवीनं कौल दिला की काय, हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पण तिथून उठली ती खांबाला धरून, सावकाश, दम घेऊन, आणि तिचं मन निवलं होतं.

आग पुन्हा ओसरायला या वेळी जास्त दिवस लागले. दिवाळी गेली, मार्गशीर्ष आला. चरखा आधी घटकाभर, मग सकाळभर चालू लागला. डाव्या कुशीला तिनं जुन्या धोतराचा मऊ पट्टा गुंडाळला, म्हणजे दंड घासत नसे. हे तिचं तिनंच शोधलं. डॉक्टरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, आता माझ्या दुसऱ्या पेशंटांना हे सांगतो. राहीबाई आठ दिवस त्या एका वाक्यावर खूश होती. दुखणं सगळं गेलं असं नव्हे. आभाळ आलं की कूस कुरकुरायची. पण तेवढ्यानं हातातला पेळू गळत नव्हता.

संक्रांतीच्या दिवशी सकाळीच कृष्णात आला. सायकलीच्या मागं फावडं बांधलेलं. वस्तीच्या तोंडाशी रंगूबाईनं त्याला अडवलं. "आलास व्हय खड्डा बुजवायला? जा, जा, जाऊन बघ."

घरासमोरच्या उघड्या जागेत दोन खुंट्यांमध्ये काळ्या सुताचा ताणा ताणलेला होता, चांगला पंधरा हात. चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास सुटला होता. राहीबाई कुंचा घेऊन एका टोकापासून खळ लावत येत होती. डावा हात तिनं अंगाशी धरला होता, उजव्याचे फटकारे मात्र पहिल्यासारखेच, लांब आणि सारखे. पलीकडच्या टोकाला केरबा दोर धरून उभा होता आणि घामाघूम झाला होता.

कृष्णात सायकल धरून तसाच उभा राहिला.

"आये, लय झालं की. बस जरा."

"बसते. पर खळ वाळाय लागलीया, मधी सोडता येत न्हाई." तिनं मान वर न करता कुंचा फिरवला. "तुझ्या बाच्या हाताला कळ लागलीया. फावडं ठिव तिकडं बांधाला, हात धू आन् ते टोक धर. ढिल्ला सोडू नगंस."

"आरं धर की, बघतोस काय," पलीकडून केरबा ओरडला, "मला तंबाखू बी मळता येईना!"

कृष्णातनं सायकल भिंतीला टेकवली. हात धुतले आणि बापाच्या हातातून दोर घेऊन मागं कलून ओढला. ताणा ताठ झाला. राहीबाई त्याच्या दिशेनं खळ लावत निघाली होती. अजून आठ-नऊ हात सूत कोरडं होतं.